बोळिंजमार्गे जपान

विरार म्हटले की मुंबईकराच्या डोळ्यांपुढे गाव उभे राहत नाही, गर्दी उभी राहते. लोकल आता डहाणूपर्यंत धावते, तरी ‘विरार फास्ट’ या दोन शब्दांचा दरारा काही उतरलेला नाही. पण त्या गर्दीच्या रेट्यातून एकदा पश्चिमेला बाहेर पडावे आणि आगाशीच्या रस्त्याला लागावे. थोड्याच वेळात बोळिंज येते. एका अंगाला म्हाडाच्या उंचच उंच इमारती आणि त्यांच्या सावलीत अजून तग धरून राहिलेल्या केळीच्या नि नारळाच्या वाड्या. मधेच एखादे बावखल दिसते. बावखल म्हणजे धड विहीर नव्हे, धड तलाव नव्हे. पावसाचे गोडे पाणी साठावे आणि वाड्यांना पुरावे म्हणून वसईच्या जुन्या माणसांनी खणून ठेवलेली ही तळी. वस्ती वाढली तशी त्यांतली कित्येक बुजली. जी उरली ती पाहिली की या मातीचा मूळ स्वभाव ध्यानात येतो.

अशा या गावात राहून गेली दोन वर्षे मी जपानी भाषा शिकतो आहे. आमच्या घरच्यांचे मत असे, की मराठीच्या प्राध्यापकाने आधी घरातल्या माणसांशी मराठीत दोन शब्द बोलायला शिकावे, मग जपानकडे वळावे. मत विचारात घेण्याजोगे आहे. पण या शिक्षणाचे कारण माझी हौस नव्हे, शेजारधर्म आहे.

आमच्याच मजल्यावर एक कुटुंब राहते. वडील कारखान्यात कामाला, थोरली मुलगी नर्सिंगची पदविका घेतलेली. तिने कुठूनसे ऐकले, की जपानात म्हाताऱ्या माणसांची संख्या फार आणि त्यांची शुश्रूषा करणारे हात थोडे; तेव्हा तिकडे काम मिळते. ऐकलेले खरे होते. २०२१ च्या जानेवारीत भारत आणि जपान यांच्यात करार झाला आणि ठरावीक कौशल्ये असलेल्या आपल्या मुलामुलींना तिकडे कामाला जाण्याची वाट खुली झाली. या वाटेवर कौशल्याची परीक्षा द्यावी लागते आणि भाषेची परीक्षाही द्यावी लागते. शुश्रूषेच्या कामासाठी तर त्या कामापुरत्या जपानीची आणखी एक निराळी परीक्षा असते. आता भाषा शिकायची कुठे? एका क्लासने जो आकडा सांगितला तो ऐकून मुलीची आई हातातल्या पाटल्यांकडे पाहू लागली.

एका संध्याकाळी वडील माझ्याकडे आले. म्हणाले, “सर, तुम्ही भाषेची माणसं. एवढे पैसे भरल्याशिवाय ही भाषा येतच नाही का हो?”

मी म्हटले, “मला आठ दिवस द्या. बघून सांगतो.”

त्या आठ दिवसांची दोन वर्षे झाली. त्यात जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवावे, म्हणून हा लेख.

पहिली गोष्ट अशी हाती लागली, की जपानी शिकायचे निम्मे सामान मराठी माणसाच्या घरात आधीच असते. अगदी स्वयंपाकघरात असते. ‘चूल’ म्हणून पाहा आणि मग ‘चिमणी’ म्हणा. दोन्ही ठिकाणी अक्षर ‘च’च, पण चुलीचा च दातांशी होतो आणि चिमणीचा टाळूशी. ‘जुना’ आणि ‘जिरे’ यांची तीच कथा. इंग्रजी पुस्तके जपानी ‘त्सु’ या उच्चाराने विद्यार्थ्याला घाबरवून सोडतात. ‘त्सुनामी’ म्हणताना भलेभले अडखळतात. मराठी मुलाला त्यात काही नवे नाही. तो चुलीतलाच च आहे. आणि गंमत अशी, की जपानीतही उकारापुढे हा चुलीचा च येतो आणि इकारापुढे चिमणीचा! आमच्या शेजारणीला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, “म्हणजे आमची आजी निम्मी जपानीच म्हणायची!”

आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे नाही, असेही पुष्कळ आहे. जपानीत ळ नाही, ल देखील नाही. दोघांचे काम एका र वर भागवतात. त्यामुळे आमच्या गावाचे नाव जपानी लिपीत ‘बोरिंजु’ होते. ळ गेला की गावातले बावखलच बुजल्यासारखे वाटते, पण त्याला इलाज नाही.

उच्चारांहून मोठी सोय वाक्याची आहे. ‘मी बोळिंजला राहतो’ हे जपानीत असे होईल: ‘वाताशि वा बोरिंजु नि सुन्दे इमासु’. शब्दाला शब्द लावा. ‘वाताशि’ म्हणजे मी, ‘वा’ म्हणजे आपल्या ‘तर’ सारखा शब्द, मग बोळिंज, त्याच्या मागे ‘नि’ म्हणजे ला, ‘सुन्दे’ म्हणजे राहून, आणि शेवटी ‘इमासु’ म्हणजे आहे. ‘मी तर बोळिंजला राहून आहे’. कोकणातला माणूस असेच बोलेल. क्रियापद शेवटी आणि विभक्तीचा प्रत्यय नामाच्या मागे, ही दोन्ही वळणे आपलीच. इंग्रजीतून जपानी शिकणाऱ्याला प्रत्येक वाक्य शीर्षासन करून म्हणावे लागते; मराठी माणसाला सरळ चालत जाता येते. प्रश्न विचारायचा तर वाक्याच्या शेवटी ‘का’ लावायचा. ‘इकिमासु का?’ म्हणजे ‘जाता का?’ हा ‘का’ आणि आपला ‘का’ यांचे काही नाते नाही, केवळ योगायोग. पण प्रवासात अनोळखी गावात आपल्या आडनावाचा माणूस भेटावा तसा आनंद होतो.

आणखी एक नमुना पाहा. ‘खाऊन बघ’ यातल्या ‘बघ’ चा डोळ्यांशी काय संबंध? ‘करून ठेव’ म्हणताना आपण नेमके काय कुठे ठेवतो? मराठीच्या तासाला मुलांना मी हा प्रश्न घालतो आणि मुले हसतात. जपानीत ‘ताबेते मिरु’ म्हणजे अगदी ‘खाऊन बघणे’. ‘मिरु’ म्हणजे पाहणे. ‘शिते ओकु’ म्हणजे ‘करून ठेवणे’; ‘ओकु’ म्हणजे ठेवणे. ‘मोत्ते कुरु’ म्हणजे ‘घेऊन येणे’. इंग्रजी पुस्तकांत या एकेका रचनेला स्वतंत्र धडा दिलेला असतो. आपल्या मुलीला एक ओळ पुरली. शिवाय आपण गरगर फिरतो तर जपानी माणूस ‘गुरुगुरु’ फिरतो, आपल्या छातीत धडधडते तर त्याच्या छातीत ‘दोकिदोकि’ होते. मोठ्यांशी बोलताना शब्द बदलायचे असतात, हेही आपल्याला कोणी निराळे शिकवावे लागत नाही. तू, तुम्ही आणि आपण यांचा फरक आपण पाळण्यातच शिकतो.

एके ठिकाणी मात्र फार जपावे लागते. ते म्हणजे ऱ्हस्वदीर्घ. जपानीत ‘ओबासान’ म्हणजे मावशी-काकू, आणि त्यातला ‘बा’ लांबवला की आजी! चाळिशीतल्या बाईला आजी म्हणण्याचे परिणाम टोकियोत आणि बोळिंजमध्ये सारखेच होत असावेत. तेव्हा शुद्धलेखनाला कंटाळलेल्या माझ्या विद्यार्थ्यांना आता मी हे उदाहरण सांगतो.

घरातले सामान झाले. आता लिपी. त्यासाठी एकच स्टेशन पुढे जायचे, नालासोपाऱ्याला. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथल्या ‘बुरुड राजाचा कोट’ नावाच्या टेकाडाचे उत्खनन १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी केले आणि आतून बौद्ध स्तूप निघाला. याच परिसरात सम्राट अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा मिळाला, आणि १९५६ साली नवव्याचा. दोन्ही ब्राह्मी लिपीत. ही ब्राह्मी आपल्या देवनागरीची पणजी. तिच्याच वंशातली सिद्धम् नावाची दुसरी लिपी बौद्ध ग्रंथांबरोबर चीनमध्ये गेली, आणि तिथून कुकाई नावाच्या भिक्षूने ८०६ साली ती जपानात नेली. त्याच्याही आधी, ७३६ साली, बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू जपानात पोचला होता. नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचे नेत्रोन्मीलन ७५२ साली त्याच्या हस्ते झाले.

याचा जपानी शिकण्याशी संबंध काय, म्हणाल. जपानी अक्षरांची वळणे चिनी अक्षरांवरून आली. पण त्यांचा क्रम पाहा. आधी ‘आ, इ, उ, ए, ओ’, आणि मग ‘का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा’. ही आपली बाराखडी नव्हे तर काय! क नंतर च हवा, तिथे सा आहे. प हवा, तिथे हा आहे. भाषापंडित सांगतात, की फार पूर्वी या ‘हा’ चा उच्चार ‘पा’ होता आणि ‘सा’ चा उच्चार च च्या जवळचा होता. म्हणजे क, च, त, न, प, म, य, र, व ही रांग पूर्ण जुळली. संस्कृताचे वर्ण पाठ करणाऱ्या भिक्षूंनी आपल्या अक्षरांनाही तीच शिस्त लावली. जपानी शब्दकोश आजही याच क्रमाने लागतो. ज्याला मराठी शब्दकोश चाळता येतो त्याला जपानी कोशात वाट सापडते.

हिरागाना आणि काताकाना अशा दोन लिपी आहेत आणि प्रत्येकीची मूळ अक्षरे ४६. ती शिकायला आम्ही गणिताची चौकटीची वही आणली. एका चौकटीत एक अक्षर, आणि ते गिरवायचे. जपानी मुलेही चौकटीच्याच वहीत गिरवतात. दीड महिन्यात दोन्ही लिपी हाताला बसल्या. तिसरा प्रकार कांजीचा, म्हणजे चिनी चित्राक्षरांचा. तिथे मात्र अशोकही मदतीला येत नाही. रोजच्या वापरासाठी जपान सरकारने ठरवून दिलेली कांजी २,१३६ आहेत. एक झाड काढले की झाड, दोन काढली की वन, तीन काढली की अरण्य, इथपर्यंत मौज वाटते. पुढे घाम फुटतो.

तो घाम गाळायची उत्तम जागा म्हणजे लोकलगाडी. विरारहून मुंबईला जायला तासाच्या वर वेळ लागतो आणि परत यायला तेवढाच. या वेळात लोक पत्ते खेळतात, भजने म्हणतात, भाजी निवडतात. आमच्या मुलीने तिथे कांजी निवडायला घेतली. फोनवर ‘आंकी’ नावाचे एक साधन मिळते. २००६ साली ते प्रथम आले. जपानीत ‘आंकी’ म्हणजे पाठांतर. आपल्या अंकलिपीशी नाव जुळते हा आणखी एक योगायोग. त्याची युक्ती सोपी आहे. एक पान समोर येते, उत्तर आले तर ते काही दिवसांनी पुन्हा विचारले जाते, पुन्हा आले तर आणखी उशिराने. आले नाही तर लगेच पुढे उभे! हर्मान एबिंगहाउस या जर्मन पंडिताने १८८५ साली विस्मरणावर ग्रंथ लिहिला, त्यातल्या संशोधनावर ही युक्ती उभी आहे. आपल्याकडे दिवेलागणीला परवचा म्हणवून घेणाऱ्या आजोबांना तो ग्रंथ न वाचताच हे ठाऊक होते.

शब्दकोश विकत घ्यावा लागला नाही. ऑस्ट्रेलियातल्या जिम ब्रीन नावाच्या प्राध्यापकाने १९९१ साली जपानी-इंग्रजी कोशाचे काम सुरू केले आणि ते सर्वांना मोफत दिले. आज फोनवरचे कित्येक कोश त्याच्याच पायावर उभे आहेत. धड्यांसाठी जपान फाउंडेशन या तिथल्या सरकारी संस्थेचे ‘इरोदोरी’ नावाचे पुस्तक आहे. परदेशातून जपानात कामाला येणाऱ्यांसाठीच ते लिहिलेले असून ध्वनिफितींसह फुकट उतरवून घेता येते. त्याच संस्थेची ‘मिनातो’ नावाची घरबसल्या शिकायची शाळा आहे. ‘मिनातो’ म्हणजे बंदर. सोपाऱ्याच्या शेजाऱ्यांना हे नाव परके वाटू नये. एनएचके या जपानी नभोवाणीने ४८ सोपे पाठ तयार केले आहेत. ते हिंदीतूनही आहेत, त्यामुळे मुलीची आईसुद्धा पोळ्या लाटता लाटता ऐकू लागली. छापील पुस्तकच हवे त्यांनी ‘मिन्ना नो निहोंगो’ घ्यावे. नावाचा अर्थच ‘सर्वांची जपानी’. आणि ज्यांच्या घरी मराठी ‘तोत्तोचान’ आहे, त्यांनी पुढेमागे ते मूळ जपानीशी लावून वाचावे. गोष्ट ठाऊक असली की भाषा निम्मी उलगडते.

परीक्षेचेही सांगून टाकतो, कारण क्लासवाले नेमके तेवढेच धूसर ठेवतात. जपानी भाषेची जागतिक परीक्षा १९८४ पासून चालू आहे. जुलै आणि डिसेंबर या महिन्यांच्या पहिल्या रविवारी ती होते. मुंबई आणि पुणे ही दोन्ही केंद्रे आपल्या हाताशी आहेत. पायऱ्या पाच. पाचवी सर्वांत सोपी, पहिली सर्वांत अवघड. कामासाठी मी वर म्हटलेल्या वाटेला चौथी पायरी लागते, किंवा तिच्याऐवजी जपान फाउंडेशनची संगणकावर घेतली जाणारी निराळी परीक्षा. कुठल्याही क्लासचा दाखला लागत नाही. तरीही शिक्षक हवाच असेल तर पुण्यासारखे गाव नाही. विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागामुळे रानडे इन्स्टिट्यूटची वास्तू जपानी शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्यांना परिचयाची आहे.

मुलगी पहिल्या डिसेंबरात पाचवी पायरी चढली आणि पुढच्या जुलैत चौथी. पेढे वाटले गेले. मग एका जपानी संस्थेबरोबर फोनच्या पडद्यावर तिची ओळखीची मुलाखत झाली. समोरच्या बाई हसतमुख होत्या, प्रश्न साधे होते. पण मुलीच्या तोंडून शब्द फुटेना. वाचता येत होते, ऐकलेले कळत होते, बोलता मात्र येत नव्हते. मोठ्या परीक्षेत बोलण्याचा भागच नसतो. बाई म्हणाल्या, “तीन महिन्यांनी पुन्हा बोलू.” संध्याकाळी ती जिन्यात बसलेली दिसली. म्हणाली, “सर, इतकं पाठ केलं, ते सगळं गेलं कुठे?”

त्या रविवारी आमच्या इमारतीतल्या चारपाच मुलांना घेऊन मी वसईच्या किल्ल्यात गेलो. किल्ला आपल्याला चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या विजयामुळे ठाऊक असतो. पण मला मुलांना दुसऱ्याच माणसाची गोष्ट सांगायची होती. पोर्तुगीज अमदानीत, १५५७ च्या सुमारास, या वसईत गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघी पाद्र्यांच्या हाताखाली तो शिकला आणि पंधराएक वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानात गेला. तिथे तो जपानी शिकला, आणि अशी शिकला की पुढे १५९३ साली मनिलाहून फ्रान्सिस्कन पाद्र्यांचे शिष्टमंडळ जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे गेले, तेव्हा दुभाषा म्हणून वसईच्या या माणसाला बरोबर घेतले. पुढे हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत २६ जणांना क्रुसावर चढवले. त्यांत वीस जपानी होते, सहा परदेशी. त्या सहांतला एक गोन्सालो. १८६२ साली पोपने त्यांना संतपद दिले. नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर १९६२ साली त्या सव्वीस जणांचे स्मारक उभे राहिले. त्यात आपला वसईकरही आहे.

मुले गप्प झाली होती. मी म्हटले, “आता सांगा, त्याच्याजवळ कोणते पुस्तक होते?” पुस्तक नव्हतेच. जपानी-पोर्तुगीज भाषेचा पहिला मोठा छापील कोश नागासाकीत निघाला १६०३ साली, गोन्सालोच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी. त्याच्याजवळ होते ते कान, तोंड आणि माणसांची संगत. आपल्याजवळ आज बाकी सारे काही आहे, आणि नेमके तेवढेच कमी पडते.

परतताना मुलीनेच युक्ती काढली. तेव्हापासून आमच्या मजल्यावर दिवेलागणीला जपानी परवचा चालतो. नियम एकच: अर्धा तास मराठीचा शब्द काढायचा नाही. वाणसामानाची यादी, गाडीला झालेला उशीर, नळाला न आलेले पाणी, सगळे जपानीत. मुलीने मुंबईतल्या एका जपानी आजींशी फोनवर ओळख करून घेतली आहे. त्या तिच्याकडून मराठी शिकतात आणि तिला जपानी बोलायला लावतात. तीन महिन्यांनी मुलाखत पुन्हा झाली आणि पंचवीस मिनिटे चालली. कौशल्याची परीक्षा अजून व्हायची आहे, आणि आईचा जीव अजून वरखाली होतो. मुलगी जाईल की नाही, हे ते कुटुंब ठरवील. पण आईच्या हातातल्या पाटल्या हातातच आहेत.

मुंबई-अहमदाबाद जलदगती रेल्वेचे काम आता आमच्या जिल्ह्यात चालू आहे. ५०८ किलोमीटरच्या या मार्गावर बारा स्थानके, त्यांतले एक विरार. गाडीचे तंत्र जपानी. ती धावू लागेल तेव्हा कुणी जपानी पाहुणा आगाशीच्या रस्त्याला आला, तर बोळिंजमध्ये त्याला वाट सांगणारी चारपाच पोरे तरी भेटतील. तुमच्या घरी अशी मुले तयार करायची असतील तर चौकटीची एक वही आणा, फोनमध्ये कोश आणि आंकी घ्या, इरोदोरी उतरवून घ्या. आणि संध्याकाळच्या अर्ध्या तासासाठी समोर बसून बोलणारे एक माणूस शोधा. पहिल्या तिन्हींना पैसे पडत नाहीत म्हटले तरी चालेल. चौथे जरा शोधावे लागेल, पण ते बहुधा शेजारच्याच दाराआड असते.